रेताड जमिनीचे पंचांग आणि शेतमालकाची मर्जी

आल्डो लिओपोल्ड यांचे 'अ सँड काउंटी अल्मनॅक' हे छोटेखानी पुस्तक १९४९ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले. तेव्हापासून पाऊणशे वर्षे उलटली, तरी पर्यावरणविषयक वाचनाची यादी करायला कोणी बसले की हे नाव हमखास येते. आपल्याकडच्या शिक्षकांना ते बहुधा एकाच प्रसंगामुळे माहीत असते. तरुण वनाधिकारी लिओपोल्ड आणि त्यांचे सोबती एका लांडगीवर गोळ्या झाडतात, आणि मरणाऱ्या लांडगीकडे पाहताना आपण काय केले याची जाणीव त्यांना होऊ लागते. प्रसंग सुंदर आहे. पण त्याच्या प्रसिद्धीमुळे पुस्तकाच्या मुख्य विषयावर पडदा पडला, असे आमचे मत आहे. या पुस्तकाचा खरा नायक लांडगा नसून जमिनीचा मालक आहे.

मालक म्हणजे ज्याच्या नावावर शेत आहे, ज्याच्या बांधावर झाड उभे आहे आणि ते झाड ठेवायचे की तोडायचे हे ज्याच्या मर्जीवर आहे, असा साधा माणूस. अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने सरकार राखते, निदान त्याने राखावीत अशी अपेक्षा असते. परंतु ओढ्याकाठची झाडी, माळावरचे गवत, पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारा खोलगट तुकडा, विहिरीजवळचा जुना वड यांतले बरेचसे कोणाच्या ना कोणाच्या सातबाऱ्यावर असते. तेथला निसर्ग टिकवायचा तर तीन वाटा संभवतात. कायद्याने सक्ती करावी, मालकाला मोबदला द्यावा, किंवा मालकाने आपण होऊन राखावे. लिओपोल्ड यांनी पहिल्या वाटेच्या मर्यादा ओळखल्या, दुसरीची फटफजिती जवळून पाहिली आणि आपली सारी भिस्त तिसरीवर ठेवली. ती भिस्त कितपत टिकते, एवढा एकच प्रश्न धरून आम्ही हे परीक्षण लिहीत आहोत.

खुराड्यातले बिऱ्हाड

अल्मनॅक म्हणजे आपल्या पंचांगासारखे पुस्तक. सूर्योदयाच्या वेळा, हवामानाचे आडाखे, पेरणीचे दिवस हे सारे त्यात असते आणि शेतकऱ्याच्या घरी ते वर्षभर हाताशी ठेवलेले असते. सँड काउंटी नावाचा जिल्हा मात्र विस्कॉन्सिन राज्याच्या नकाशावर सापडणार नाही. त्या राज्याच्या मध्यभागी रेताड, निकस जमिनीचे काही जिल्हे आहेत. त्यांना मिळून लोक तसे म्हणतात. लेखकाने हस्तलिखिताला दुसरेच नाव दिले होते. आताचे नाव त्यांच्या मृत्यूनंतर ठरले. प्रकाशकाचा होकार आला आणि आठवड्याभरातच, २१ एप्रिल १९४८ रोजी, शेजाऱ्याच्या शेतात लागलेली गवताची आग विझवायला गेले असता हृदयविकाराने लिओपोल्ड यांचे निधन झाले.

लिओपोल्ड (जन्म १८८७) शिक्षणाने वनशास्त्रज्ञ. १९०९ साली ते अमेरिकेच्या वनखात्यात लागले, पुढे १९३३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक झाले. १९३५ साली त्यांनी विस्कॉन्सिन नदीच्या काठी सुमारे ८० एकरांचे एक उजाड शेत विकत घेतले. जमिनीचा कस गेलेला, राहते घर जळून गेलेले. उभे होते ते फक्त कोंबड्यांचे खुराडे. ते झाडून-पुसून या कुटुंबाने तेथे शनिवार-रविवारचे बिऱ्हाड मांडले. दर वसंतात पाइनची रोपे लावायची, त्यांतली बरीचशी उन्हाळ्यात मरायची, पुढच्या वर्षी पुन्हा लावायची असा क्रम वर्षानुवर्षे चालला. पुस्तकाचा पहिला भाग म्हणजे या शेतावरचे जानेवारी ते डिसेंबर असे बारा महिने.

विज्ञान शिक्षकांना सर्वांत उपयोगी पडेल तो फेब्रुवारी. वीज पडून मेलेला एक जुना ओक लेखक करवतीने कापतो आहे. करवत आत जाते तसतशी एकेक वर्षाचे वलय मागे टाकते, आणि त्या त्या वर्षी विस्कॉन्सिनमध्ये काय घडले ते लेखक सांगत जातो. १८९९ पाशी राज्यातला शेवटचा प्रवासी कबुतर पक्षी मारला जातो. १८६६ पाशी शेवटचा एल्क हरिण. वाढवलयांवरून झाडाचे वय काढणे हा आपल्या पाठ्यपुस्तकातला दोन ओळींचा मजकूर. त्यातून ऐंशी वर्षांचा इतिहास कसा उभा करता येतो, याचा याहून चांगला पाठ आमच्या पाहण्यात नाही.

पण याच प्रकरणाच्या सुरुवातीला एक वाक्य आहे, आणि तेथे आम्ही अडखळलो. या शेताचा आधीचा मालक चोरटी दारू गाळणारा होता. त्याने जमिनीचा उरलासुरला कस ओरबाडला, घर जाळले, थकलेल्या करासह शेत सरकारच्या गळ्यात टाकले आणि महामंदीतल्या भूमिहीनांच्या गर्दीत तो दिसेनासा झाला, अशा आशयाचे हे वाक्य आहे. त्यात विनोद आहे आणि तिरस्कारही. ज्या मुलखात कर्ज आणि नापिकी यांनी गांजलेला शेतकरी ही रोजची बातमी आहे, तेथल्या वाचकाला पुढचा प्रश्न सुचल्याशिवाय राहत नाही. तो माणूस असा का वागला? रेताड जमिनीवर मंदीच्या काळात त्याच्यापुढे दुसरा कोणता मार्ग होता? दोनशे पानांत जमिनीच्या प्रत्येक गवताच्या काडीची चौकशी करणारा लेखक या एका माणसाची चौकशी करीत नाही. लिओपोल्ड यांचा चरितार्थ विद्यापीठाच्या पगारावर चाले. शेतातून एक डॉलर निघाला नाही तरी त्यांची चूल पेटणार होती. हे त्यांचे दूषण नव्हे. परंतु मालकाने आपण होऊन निसर्ग राखावा असे सांगणाऱ्या पुस्तकात ही गोष्ट उघड मांडली जायला हवी होती.

नोव्हेंबरच्या प्रकरणात ते स्वतःकडे मात्र फार चोख नजरेने पाहतात. हातात कुऱ्हाड आहे. बर्च आणि पाइन एकमेकांना खेटून वाढले आहेत. एकाला तोडायचे आहे. आपण नेहमी बर्चच का तोडतो? पाइन आपण स्वतः लावला आणि बर्च आपोआप उगवला म्हणून? पाइन जास्त टिकतो, जास्त किमतीला जातो म्हणून? की पाइनखाली उगवणाऱ्या दुर्मीळ वनस्पतींच्या आशेने? एकेक कारण ते उचलून पाहतात आणि एकही पुरेसे नाही हे कबूल करतात. शेतमालक रोज असे शेकडो निर्णय घेत असतो. त्यांतल्या एकावरही कोणाची देखरेख असू शकत नाही. कायदा कितीही कडक केला तरी या कुऱ्हाडीपर्यंत तो पोचत नाही, ही गोष्ट हे प्रकरण वाचून जितकी पटते तितकी कुठल्याही भाषणाने पटणार नाही.

पाच वर्षांचा करार

पुस्तकाच्या शेवटच्या भागातील 'द लँड एथिक', म्हणजे भूमीविषयीची नीती, हा निबंध सर्वांत गाजलेला. तो कठीण आहे, पण त्यात एक साधी हकिगत येते, आणि आमच्या मते निबंधाचा सारा भार तिच्यावर आहे.

१९३३ च्या सुमारास नैर्ऋत्य विस्कॉन्सिनमध्ये जमिनीची धूप इतकी वाढली की डोंगरउतारावरची वरची सुपीक माती पावसाबरोबर नदीत चालली होती. सरकारने शेतकऱ्यांना सांगितले की तुम्ही पाच वर्षे अमुक अमुक उपाय करा. मजूर, यंत्रे आणि सामान आम्ही देऊ. शेतकऱ्यांनी ते आनंदाने मान्य केले. पाच वर्षांची मुदत संपली आणि बरेचसे उपाय विसरले गेले. ज्यांत ताबडतोब, डोळ्यांना दिसेल असा फायदा होता तेवढेच चालू राहिले. मग सरकारला वाटले की नियम शेतकऱ्यांनी स्वतःच केले तर ते पाळतील. १९३७ साली तसा कायदा झाला. दहा वर्षे होत आली तरी एकाही जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी एकही नियम केला नाही, असे लिओपोल्ड नोंदवतात. पट्टापेर वाढली, कुरणे सुधारली, जमिनीत चुना पडू लागला. परंतु झाडीत गुरे शिरू नयेत म्हणून कुंपण घालणे किंवा तीव्र उतारावरून नांगर आणि गाय दूर ठेवणे यांत काडीची प्रगती नाही.

यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा. ज्या संवर्धनाचा पाया केवळ फायद्यावर आहे, ते फायदा संपला की संपते. विस्कॉन्सिनमध्ये वनस्पती आणि प्राणी यांच्या सुमारे २२ हजार उच्चवर्गीय जाती आहेत. त्यांतल्या ५ टक्के तरी विकता, खाता किंवा अन्य कामाला लावता येतील की नाही याची त्यांना शंका आहे. मग उरलेल्या ९५ टक्क्यांचे काय? त्यांना वाचवायचे म्हणून आपण काहीतरी आर्थिक उपयोग शोधून काढतो. गाणारे पक्षी कमी होऊ लागले तेव्हा अमेरिकेतल्या पक्षीप्रेमींनी हेच केले. पक्ष्यांनी किडे खाल्ले नाहीत तर किडे आपल्याला खातील, असा डळमळीत पुरावा त्यांनी पुढे केला.

हे वाचताना आपल्या वर्गातला फळा आमच्या डोळ्यांपुढे आला. 'साप हा शेतकऱ्याचा मित्र आहे, कारण तो उंदीर खातो.' 'झाडे लावा, कारण झाडे फळे, लाकूड, सावली आणि प्राणवायू देतात.' 'गांडूळ उपयुक्त आहे.' आपण सारे शिक्षक हे वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत, आणि त्यात खोटे काही नाही. धामण खरोखरच उंदीर खाते. पण वाळा खात नाही. तो मुंग्या-वाळवीची अंडी खाऊन मातीत राहतो आणि त्याला पाहिले की लोक ठेचतात. उपयोगाची यादी पाठ केलेल्या मुलाने या वाळ्याला का सोडावे? लिओपोल्ड यांच्या मते शिक्षणाचे नुसते प्रमाण वाढवून हे साधणार नाही. शिक्षणाच्या आशयातच काही उणे आहे. पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी या निबंधाची एवढी तीन-चार पाने तरी वाचावीत असे आम्हाला वाटते.

दरीतला गाळ काय सांगतो

येथवर आम्ही लेखकाबरोबर आहोत. यापुढे मात्र नाही, कारण त्या हकिगतीची दुसरी बाजू आहे आणि ती पुस्तकात येत नाही.

तो नैर्ऋत्य विस्कॉन्सिनचा मुलूख म्हणजे कून व्हॅली आणि तिच्यासारख्या दऱ्यांचा. अमेरिकेतला मृद्संधारणाचा पहिला पाणलोट प्रकल्प १९३३ साली येथेच सुरू झाला. सुमारे ९० हजार एकरांचे खोरे, तीव्र उतार, बहुतेक शेतकरी नॉर्वेहून आलेल्यांचे वंशज. चौकोनी शेते आणि उताराच्या दिशेने वरखाली नांगरट. परिणामी शेतांना घळी पडत होत्या आणि खालची कुरणे गाळाखाली जात होती. चारशेहून अधिक शेतकऱ्यांनी पाच वर्षांचे करार केले. उताराला आडवे, समपातळीत पट्टे पाडायचे. एक पट्टा मक्याचा, त्यालगतचा घासाचा, पुन्हा मका. मक्याच्या पट्ट्यातून वाहून निघालेली माती घासाचा पट्टा अडवतो. आपल्याकडे समपातळीतील बांध ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तत्त्व लगेच कळेल. लिओपोल्ड या प्रकल्पाचे सल्लागार होते. १९३५ साली 'अमेरिकन फॉरेस्ट्स' या मासिकात त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि शीर्षकातच त्याला सहकारी संवर्धनाचे साहस म्हटले. सरकारी योजनेबद्दल इतक्या उमेदीने लिहिणारा हा माणूस पुढे आपल्या पुस्तकात त्याच करारांची आठवण खिन्नपणे काढतो. मधल्या काळात त्यांची निराशा झाली, हे उघड आहे.

निराश व्हायचे कारण होते का? ट्रिम्बल नावाच्या भूगोलतज्ज्ञाने याच खोऱ्यात वर्षानुवर्षे गाळ मोजला. दरीच्या तळाशी किती माती येऊन साचते, हे पूर्वी आखलेल्या रेषांवर पुन्हा पुन्हा मोजमाप घेऊन त्यांनी काढले. १९९९ साली 'सायन्स' नियतकालिकात त्यांचा निष्कर्ष आला. १९७५ ते १९९३ या काळात गाळ साचण्याचा वेग १९३० च्या दशकातील वेगाच्या अवघा ६ टक्के उरला होता. शंभरातले ९४ भाग थांबले! आणि ते थांबवण्यात मोठा वाटा त्याच पट्टापेरीसारख्या उपायांचा होता. शेतकऱ्यांनी 'केवळ फायद्याचे म्हणून' चालू ठेवलेले हे उपाय एकाचे पाहून दुसऱ्याने उचलले, बापाचे पाहून मुलाने चालू ठेवले.

तेव्हा लिओपोल्ड यांनी फायद्यापोटी होणाऱ्या संवर्धनाला जितके नालायक ठरवले तितके ते नव्हते, असे आम्हाला म्हणावे लागते. मातीच्या बाबतीत तरी मालकाचा स्वार्थ आणि निसर्गाचे हित एकाच दिशेने गेले. त्यांनी शेतकऱ्यांना दिलेला वेळही थोडा होता. पंधरा वर्षांत निकाल लावायची घाई झाली. मात्र त्यांच्या तक्रारीचा उत्तरार्ध या आकड्यांनी खोटा पडत नाही. माती वाहून गेली की पीक घटते आणि ते मालकाच्या खिशाला कळते. झाडीतली ऑर्किडे गुरांनी खाल्ली, पाणथळ तुकड्यात चर खणला आणि तेथले क्रौंच निघून गेले, तर खिशाला काहीच कळत नाही. फायद्याच्या चाळणीतून माती वाचली. पाणथळ आणि झाडी खाली पडली. या दोन गोष्टी लिओपोल्ड यांनी वेगळ्या केल्या असत्या तर निबंध अधिक मजबूत झाला असता.

भाडे आणि दानपत्र

अमेरिकेने पुढे जे केले ते या निबंधाची जणू दीर्घ परीक्षाच आहे. १९८५ च्या शेती कायद्याने 'कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम' सुरू झाला. धूप होणारी जमीन शेतकऱ्याने दहा ते पंधरा वर्षे पिकाखाली आणायची नाही, तेथे गवत किंवा झाडे ठेवायची. त्याबद्दल सरकार वार्षिक भाडे देते. २००७ साली ३ कोटी ६० लाख एकरांहून अधिक क्षेत्र या योजनेत होते. मग मका आणि सोयाबीनचे भाव चढले, संसदेनेही क्षेत्राची कमाल मर्यादा खाली आणली, आणि दहा वर्षांच्या आत एक कोटी एकरांहून जास्त जमीन योजनेबाहेर गेली. गवत नांगरले गेले. १९३३ च्या पाच वर्षांच्या कराराची हीच गोष्ट, फक्त मोठ्या आकड्यांत.

दुसरा मार्ग कायमचा आहे. त्याला तेथे 'कॉन्झर्व्हेशन ईझमेंट' म्हणतात. शेताच्या मालकीत अनेक हक्क एकत्र बांधलेले असतात. पिकवण्याचा, विकण्याचा, वारसांना देण्याचा, घरे बांधण्याचा, झाडे तोडण्याचा. मालक त्यांतले घरे बांधण्यासारखे एक-दोन हक्क कायमचे सोडून देतो आणि तसा दस्त एखाद्या विश्वस्त संस्थेच्या किंवा सरकारच्या नावे करून देतो. जमीन त्याचीच राहते, तो ती कसू शकतो, विकूही शकतो. पण घेणाराही त्या दस्ताने बांधला जातो. बदल्यात मालकाला आयकरात सवलत मिळते. आपल्या आजच्या मर्जीने उद्याच्या मालकाचे हात बांधण्याची ही युक्ती लिओपोल्ड यांच्या हयातीत रूढ नव्हती. ती त्यांना आवडली असती असे आम्हाला वाटते. मात्र सवलत आली तेथे चलाखीही आली. काही दलालांनी गुंतवणूकदारांचे गट करून जमिनी घ्यायच्या, त्यांची किंमत अवाच्या सवा फुगवायची, हक्क 'दान' करायचे आणि गुंतवलेल्या रकमेच्या कितीतरी पट करसवलत उकळायची असा धंदा मांडला. अमेरिकेच्या करखात्याने २०१६ साली अशा व्यवहारांवर बोट ठेवले आणि २०२२ अखेरीस संसदेने कायदा करून त्यांना आळा घातला. या चलाखांना जमिनीबद्दल काही वाटत होते असा आरोप त्यांच्यावर कोणी करणार नाही.

कोकणातले रान

हे सारे आपल्याला दूरचे वाटू नये. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले बरेचसे जंगल खासगी मालकीचे आहे. रत्नागिरीत तर सरकारी राखीव वन फारच थोडे. घरात लग्न निघाले, आजारपण आले की मालक रान तोडायला देतो. काही वर्षांनी फुटवे वाढले की पुन्हा तोड. या मालकाला कोणी सांगितले की रान राखून ठेव, तर त्याच्या मनात पहिली येते ती भीती, आणि ती निराधार नाही. १९७५ च्या महाराष्ट्र खासगी वने (संपादन) कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ पासून खासगी वने सरकारजमा झाली. सातबाऱ्यावर तसा शेरा पडलेल्या जमिनींचे वाद पुढे चाळीसएक वर्षे चालले. त्यांतला एक मोठा दावा सर्वोच्च न्यायालयात २०१४ साली निकालात निघाला. त्याआधी १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने मालकी कोणाचीही असो, जंगल ते जंगल असे ठरले. दोन्हींमागचा हेतू चांगला होता. पण मालकाने त्यातून धडा काय घेतला? झाडे वाढू दिली तर जमीन हातची जाते. कुऱ्हाड लवकर चालवणाऱ्याचे फावले आणि ज्याने राखले तो अडकला. मालकाच्या सद्सद्विवेकावर विसंबणारे लिओपोल्ड यांचे पुस्तक या भीतीबद्दल काही सांगू शकत नाही, कारण त्यांच्या शेजाऱ्यांना ती नव्हती.

स्वेच्छेला जागा देणारी तरतूद आपल्या कायद्यात पुढे आली. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने 'समुदाय राखीव क्षेत्र' हा प्रकार आणला. एखाद्या समाजाने किंवा व्यक्तीने आपण होऊन तयारी दाखवली तर खासगी जमीनही असे क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकते. त्यानंतर जमिनीच्या वापरात बदल करायचा तर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मान्यता लागते. आजवर जाहीर झालेली बहुतेक क्षेत्रे ईशान्येत आहेत, जेथे जमीन मुळातच समाजाची असते. एकट्या मालकाने सरकारकडे जाऊन 'माझ्या रानावर बंधन घाला' असे म्हणावे, ही अपेक्षा १९७५ नंतरच्या कोकणात थोडी भाबडीच म्हणायला हवी. ईझमेंटच्या धर्तीचा दस्त करावा म्हटले, तर आपला सुविधाधिकार कायदा १८८२ चा. तो शेजारच्या जमिनीच्या उपभोगासाठी लागणाऱ्या वाटेच्या, पाण्याच्या हक्कांचा विचार करतो. धनेशाच्या घरट्याचा त्यात विचार असणे शक्यच नव्हते.

धनेशाचे नाव सहज आले नाही. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने संगमेश्वर भागात खासगी रानांच्या मालकांशी तोड न करण्याचे करार करण्याचा मार्ग धरला आहे. उत्तर सह्याद्रीतल्या मोठमोठ्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश घरटी करतात. बेहड्याचे फळ औषधाला जाते. फळे नीट, झाडाला इजा न करता गोळा केली तर 'फेअरवाइल्ड' हे मानांकन मिळते आणि चांगला भाव देणारे गिऱ्हाईक मिळते. बेहडा उभा ठेवण्यात फायदा, म्हणून धनेशाची ढोली शाबूत. युक्ती उत्तम आहे आणि आम्ही तिचे मनापासून स्वागत करतो. लिओपोल्ड मात्र लगेच विचारतील की बेहड्याच्या शेजारी जे झाड उभे आहे आणि ज्याच्या फळाला गिऱ्हाईक नाही, त्याचे काय? आणि बेहड्याचा भाव पडला तर?

फायदा आणि कायदा या दोहोंशिवाय झाडे राखण्याचा एक जुना नमुना आपल्याकडे आहे तो देवराईचा. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून या विषयाकडे वैज्ञानिकांचे लक्ष गेले. पण देवराई राखते ते सारे गाव, आणि राखणीमागे देवाचा धाक असतो. लिओपोल्ड यांना हवी आहे ती एकेकट्या मालकाची, धाकावाचून येणारी बांधिलकी. ती कशी रुजेल हे सांगताना त्यांचा निबंध मोघम होतो. ती हळूहळू विकसित होईल, एवढेच ते म्हणतात. आम्हाला त्यांच्या निबंधापेक्षा त्यांचे बारा महिने अधिक पटणारे उत्तर वाटतात. ज्याने एका जमिनीकडे तेरा वर्षे रोजनिशी घेऊन पाहिले, त्याला तिचा पाणथळ तुकडा खणवेना, इतके साधे ते उत्तर आहे.

पुस्तकाचे इंग्रजी वरवर सोपे पण संदर्भांनी भरलेले आहे. झाडा-फुलांची, पक्ष्यांची नावे पानोपानी अडवतात. शिक्षकांनी सुरुवात फेब्रुवारी आणि नोव्हेंबर या दोन प्रकरणांनी करावी. नंतर दुसऱ्या भागातले 'ऑडिसी' हे चार-पाच पानांचे प्रकरण घ्यावे. खडकातून सुटलेला एक अणू कुरणातल्या मुळांतून, फुलांतून, प्राण्यांतून हिंडत शेकडो वर्षे डोंगरावर कसा टिकतो, आणि नांगर आल्यावर दुसरा अणू किती लवकर समुद्राला मिळतो, याची ती गोष्ट आहे. पोषकद्रव्यांच्या चक्राचा धडा शिकवताना ती जशीच्या तशी सांगता येते. 'द लँड एथिक' अकरावी-बारावीच्या मुलांबरोबर वाचावा, आणि वाचताना कून व्हॅलीचे ६ टक्के त्यांना जरूर सांगावेत, म्हणजे लेखकाशी वाद घालता येतो हे त्यांना कळेल.

रोजनिशीची सवय लावायची असेल तर तिच्या उपयोगाचे उदाहरणही आहे. पहिले फूल कधी उमलले, कोणता पक्षी कधी परतला, याच्या लिओपोल्ड यांनी १९३० आणि १९४० च्या दशकांत ठेवलेल्या नोंदी त्यांची मुलगी नीना हिने १९७६ पासून त्याच शेतावर पुढे चालवल्या. दोन्ही काळांची तुलना १९९९ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. वसंतातल्या बऱ्याच घटना पूर्वीपेक्षा आधी घडू लागल्या आहेत असे तीत दिसले. शाळेच्या आवारातला पळस, बहावा किंवा पांगारा, पहिला पावशा, पहिला काजवा यांच्या तारखा एका वहीत लिहायला पैसे लागत नाहीत. ती वही मात्र शिक्षकांची बदली झाली तरी शाळेतच राहील अशी व्यवस्था करावी.